परीक्षकहो, 'उच्चारशुद्धी'चा रकाना खोडून टाका

वक्तृत्व आणि कथाकथन स्पर्धांच्या सर्व परीक्षकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक. शाळेत मराठी शिकवता शिकवता स्पर्धांना परीक्षक म्हणून जाऊ लागले, त्याला आता २२ वर्षे झाली. नोकरी संपली, परीक्षण सुटले नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांबरोबर एका टेबलाशी बसून मी गुणांची बेरीज केली आहे, फिरता चषक कुणाला द्यायचा यावरून हिरिरीने भांडले आहे. त्या ओळखीच्या भरवशावर हे लिहिते आहे. मागणे एकच आहे. आपल्या गुणदान तक्त्यात 'उच्चारशुद्धी' नावाचा २० गुणांचा जो रकाना असतो, तो काढून टाकू या.

हे माझ्या मनात कुठून आले, ते आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय स्पर्धेत सातवीतली एक मुलगी बोलायला उभी राहिली. विषय होता 'पाणी'. सुरुवातीला सुभाषित नाही, ठरवून केलेले हातवारे नाहीत. तिने आम्हाला थेट विहिरीच्या काठावर नेऊन उभे केले. तळाला गेलेले पाणी, कळशी बुडावी म्हणून दोराला दिलेले झटके, आणि रात्री काठाशी बसून राहणारी आजी. 'माझी आजी पान्याची राखन करायची,' असे एक वाक्य त्यात होते. सभागृहातली कुजबुज थांबली होती.

आणि मी काय करत होते? कागदाच्या समासात पेन्सिलने रेघा ओढत होते. 'पानी', एक रेघ. 'आनि', दुसरी. 'कोनी', 'पन', 'म्हनून'. पाच मिनिटांत २३ रेघा झाल्या. उच्चारशुद्धीला मी तिला २० पैकी ६ दिले. तिचा पहिला क्रमांक तेवढ्यानेच गेला, उत्तेजनार्थ मिळाले. बक्षीस समारंभानंतर ती वही घेऊन माझ्याकडे आली आणि विचारले, "बाई, माझं काय चुकलं?" मी म्हटले, "भाषण सुरेख होतं गं. फक्त 'ण' नीट म्हणत जा."

पुढच्या वर्षी विषयांच्या यादीत पाणी पुन्हा होते, आणि ती पुन्हा आली. या वेळी भाषण अगदी वेगळे वाटले. 'जल', 'परंतु', 'यास्तव', 'स्मृती' असे भारदस्त शब्द. थोडे कोरडे, पण निर्दोष. मी २० पैकी १८ दिले. पहिला क्रमांक. व्हरांड्यात भेटली तेव्हा मी शाबासकी द्यायच्या आत तीच म्हणाली, "बाई, बघितलं का? सगळ्या भाषनात 'बानातला' एकदापन नाही आला."

मला आधी समजलेच नाही. मग तिने वही उघडून दाखवली. मागच्या वर्षीचे भाषण होते. त्यातल्या प्रत्येक 'ण'भोवती लाल शाईचे वर्तुळ आणि वर दुसरा शब्द लिहिलेला. 'पण' खोडून 'परंतु'. 'म्हणून' खोडून 'यास्तव'. 'पाणी'चे 'जल', 'आठवण'ची 'स्मृती', 'कोणी'चे 'एखादा'. तिच्या जिभेला जे अक्षर येत नव्हते, ते तिने अख्ख्या भाषणातून वेचून काढले होते. मराठीत 'ण'शिवाय पाच मिनिटे बोलून पाहा म्हणजे ते किती अवघड आहे ते कळेल. आणि 'राखण'? त्याला तिला पर्याय सापडला नव्हता. म्हणून तिने आजीच भाषणातून काढून टाकली होती.

मी तिला म्हटले, "ते आजीचं वाक्य मला एकदा म्हणून दाखव." तिने आधी आजूबाजूला दुसरे कुणी परीक्षक नाहीत ना ते पाहिले, आणि मग हळू आवाजात म्हटले.

त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आले आहे. भाषाशास्त्र माझा विषय नाही, तरी एवढे खात्रीने सांगू शकते की त्या ६ गुणांत मी त्या मुलीला मोजलेच नव्हते. ती कुणाच्या कानाशी, कुणाच्या बोलण्यात वाढली, ते मोजले होते.

बोलण्याची ढब बाळाला केव्हापासून लागते? २००९ साली जर्मनीतल्या व्युर्झबर्ग विद्यापीठातल्या काटलीन वेर्म्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० नवजात बाळांचे रडणे ध्वनिमुद्रित करून तपासले. ३० बाळे फ्रेंच घरांतली, ३० जर्मन घरांतली, वय दोन ते पाच दिवस. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर खालून वर चढत जाई, जर्मन बाळांचा वरून खाली उतरे, आणि त्या त्या भाषेच्या बोलण्याचा हेलही साधारण तसाच असतो. पोटात असताना शेवटच्या महिन्यांत आईचा आवाज कानावर पडतो. शब्द कळत नाहीत, चाल कळते. म्हणजे आपण ज्याला हेल म्हणून हसतो, त्याची सुरुवात पहिल्या टॅहॅमध्येच झालेली असते.

दुसरा प्रयोग तर आपल्या अक्षरांवरच झालेला आहे. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना दोन्हींतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत तो कळेनासा झाला. इंग्रजीत या दोन ध्वनींवरून शब्दांचे अर्थ बदलत नाहीत, घरात तो फरक कुणी करत नाही, म्हणून कानाने तो खण बंद करून टाकला. ज्या बाळांच्या घरी हिंदी बोलली जाते त्यांच्यात मात्र तो उघडाच राहतो. 'त' आणि 'ट' आपल्याला इतके वेगळे वाटतात की कुणाला ते सारखेच ऐकू येत असतील यावर विश्वास बसत नाही. ज्या घरात सगळेच 'न' म्हणतात त्या घरातल्या मुलाला आपला 'ण'चा आग्रह तसाच वाटत असणार.

'न' म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकते. 'ण'साठी तेच टोक मागे वळून टाळूला लागते. अंतर बोटाच्या एका पेराएवढेही नाही. त्या व्हरांड्यात मी तिला एक युक्ती करायला लावली: आधी 'ट' म्हण, जीभ तिथेच धरून ठेव, आता आवाज नाकातून सोड. दहा मिनिटांत तिला स्वच्छ 'ण' आला. 'बाण' म्हणाली, 'कण' म्हणाली, 'वीणा' म्हणाली. आणि मग खूश होऊन म्हणाली, "आला की बाई! पन बोलताना नाही येत." तिची जीभ शाबूत आहे, कानही शाबूत आहे. बोलण्याच्या ओघात जीभ कुठे जाते, हे मात्र हजारो दिवसांच्या ऐकण्याने ठरलेले असते, आणि ते ऐकणे मुलाने निवडलेले नसते.

हे आपल्याही बाबतीत तितकेच खरे आहे. 'माझा' आणि 'माझी' हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. दोन्हींतला 'झ' वेगळा आहे. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जगत राहा, यांतला 'ज' वेगळा आहे. लिहिताना अक्षर एकच. कुठल्या बालभारतीने, कुठल्या बाईंनी तुम्हाला हे शिकवले? कुणीच नाही. आईच्या, शेजाऱ्यांच्या बोलण्यातून ते आपोआप आले. पुढे मराठी शिकू लागलेल्या माणसाला हा फरक साधायला वर्षे लागतात, आणि आपल्याला तो आहे हेही माहीत नसते. ज्या वाटेने आपल्याला हे दोन 'ज' मिळाले, त्याच वाटेने त्या मुलीला तिचा 'न' मिळाला.

कुणी म्हणेल, ते सगळे ठीक, पण शुद्ध ते शुद्धच. मग शुद्धाचे मूळही पाहू. 'पाणी' हा शब्द संस्कृतातल्या 'पानीय'वरून आला. तिथे 'न' आहे. 'जाणणे' ज्या 'जानाति'शी नाते सांगते, तिथेही 'न' आहे. महाराष्ट्री प्राकृतात 'न'चा 'ण' करण्याची रीत होती. वररुचीने प्राकृताच्या व्याकरणात तसे सूत्रच दिले आहे, 'नो णः सर्वत्र'. 'नयन'चे तिथे 'णअण' होई. म्हणजे आपला आजचा शुद्ध 'ण' हा संस्कृताच्या तराजूत त्या काळचा अशुद्ध उच्चार. 'शाळा', 'काळ', 'फळ' यांतला 'ळ' घ्या. संस्कृतात 'शाला', 'काल', 'फल' असा साधा 'ल' आहे. 'ल'चा 'ळ' झाला तेव्हा भाषा बुडाली नाही. आता कुणी 'डोळा'चा 'डोया' म्हणते, तर ती त्याच प्रवाहाची आणखी एक शाखा आहे.

आणि 'ज्ञान' कसे म्हणता? मराठी माणूस 'द्न्यान' म्हणतो, हिंदी माणूस 'ग्यान' म्हणतो. अक्षर आहे ज् आणि ञ यांचे. दोघांपैकी एकही अक्षराप्रमाणे म्हणत नाही. 'ष' आणि 'श' आपल्यातले बहुतेक जण एकसारखेच म्हणतात, मीही म्हणते. 'ऋषी'मधला 'ऋ' आपण 'रु' करून टाकला आहे. या कशालाही मी कधी गुण कापले नाहीत, कारण टेबलामागचे सगळेच तसे म्हणतात. आमच्या घरात जी मोडतोड होते तिला उच्चार म्हणायचे आणि दुसऱ्याच्या घरात होते तिला अशुद्धी, असा हा हिशेब होता. इतकी वर्षे मी तो प्रामाणिकपणे मांडत होते, हे जास्त टोचते.

ध्वनीवरून माणूस पारखण्याची एक फार जुनी गोष्ट बायबलच्या जुन्या करारात, 'शास्ते' या भागाच्या बाराव्या अध्यायात आहे. लढाई हरलेले एफ्राईमी लोक यार्देन नदीच्या उतारावरून पळून जाऊ पाहत होते. गिलादी पहारेकरी प्रत्येकाला 'शिब्बोलेथ' हा शब्द म्हणायला लावत. एफ्राईमींना 'श' येत नसे, ते 'सिब्बोलेथ' म्हणत, आणि तिथेच मारले जात. मेलेल्यांचा आकडा ४२,००० दिला आहे. 'शाळा' आणि 'साळा' यांतला जो फरक, तोच तो. आपण कुणाला मारत नाही हे खरे. पण उतारावर उभे राहून एकच शब्द म्हणायला लावण्याची पद्धत मला फार ओळखीची वाटली.

आपल्याकडे म्हण आहे, दर बारा कोसांवर भाषा बदलते. हवा-पाण्याने जीभ बदलते असे कित्येक जण मानतात. पण एका भाषेच्या घरात जन्मलेले बाळ दुसऱ्या भाषेच्या घरात दत्तक जाऊन वाढले, तर ते त्या दुसऱ्या घरासारखेच बोलते. जीभ घडवतात ती माणसे, आणि त्यातही मोठ्या माणसांपेक्षा बरोबरीची जास्त. इंग्लंडमध्ये १९६७ साली मिल्टन कीन्स नावाचे नवे शहर वसवायचे ठरले. ठिकठिकाणची कुटुंबे तिथे राहायला आली. पुढे पॉल केर्सविल आणि अ‍ॅन विल्यम्स यांनी तिथल्या चार, आठ आणि बारा वर्षांच्या मुलांचे बोलणे तपासले. चार वर्षांची मुले आईवडिलांच्या वळणावर होती. आठ आणि बारा वर्षांची मुले एकमेकांसारखी बोलत होती. आईबाप कुठून का आलेले असेनात. शिक्षक मैत्रिणींनो, आपण तासाला चार वेळा 'आणि म्हण, आणि म्हण' करून जे बदलत नाही, ते मधल्या सुट्टीत आपोआप बदलते किंवा आपोआप टिकते.

मोठेपणीही हे थांबत नाही, मंदावते. ध्वनिशास्त्राचे अभ्यासक जोनाथन हॅरिंग्टन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांची नाताळची भाषणे तपासली, ते काम २००० साली प्रसिद्ध झाले. १९५०च्या दशकातले स्वर आणि १९८०च्या दशकातले स्वर यांत फरक पडला होता. राणीचे स्वर तिच्या प्रजेतल्या तरुण, साध्या लोकांच्या स्वरांकडे सरकले होते. ज्या बाईचे इंग्रजी हेच इंग्रजीचे माप मानायचे, तिचीही जीभ भोवतालच्यांनी थोडी हलवलीच. याच हॅरिंग्टनांनी पुढे अंटार्क्टिकाच्या तळावर हिवाळाभर एकत्र राहिलेल्या ११ जणांचे बोलणे काही आठवड्यांच्या अंतराने ध्वनिमुद्रित केले. ठिकठिकाणाहून आलेली माणसे. बाहेरच्या जगाशी भेट नाही. थोड्या महिन्यांत त्यांचे काही स्वर किंचित का होईना, एका नव्या दिशेने सरकू लागले होते.

यासाठी अंटार्क्टिकापर्यंत जायलाही नको. एका स्पर्धेच्या मधल्या सुट्टीत आमचे ज्येष्ठ सहपरीक्षक एका मुलाच्या 'नाय'बद्दल बोलत होते. अतिशय सुसंस्कृत, तोलून मापून बोलणारे गृहस्थ. तेवढ्यात त्यांना घरून भावाचा फोन आला. "हॅलो, बोल" इथपर्यंत प्रमाण मराठी होती. तिसऱ्या वाक्याला "व्हय" आला, पाचव्याला "न्हाय रं" आला, आवाज मोकळा झाला, खांदेसुद्धा सैल पडले. फोन ठेवला आणि पुन्हा पहिल्या सुरात, "तर मी काय म्हणत होतो..." त्यांना हे कळलेही नाही. मला ते फार लोभसवाणे वाटले. ज्याच्याशी बोलायचे त्याच्याजवळ सरकायची ही ओढ सगळ्यांना असते. आपण तिला मायेचे बोलणे म्हणतो. मंचावर मुलाने तेच केले की गुण कापतो.

ढब म्हणजे 'मी इथला' असे सांगणेही असते. अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या बेटावर विल्यम लबॉव्ह यांनी लोकांचे बोलणे नोंदवले. त्यांचा लेख १९६३ सालचा. उन्हाळ्यात बाहेरच्या सुट्टीकरांची तिथे गर्दी होई. काही स्वरांचा जुना, बेटाचा उच्चार कोळ्यांत ठळक होता, आणि शिकलेल्या तरुणांतही ज्यांना बेटावरच राहायचे होते त्यांच्यात तो जास्त होता, ज्यांना निघून जायचे होते त्यांच्यात कमी. न ठरवता, न शिकवता जिभेने बाजू घेतली होती. म्हणून मुलाला 'असं बोलू नको' म्हणताना आपण फक्त जिभेबद्दल बोलत नसतो. त्याला तसे बोलणारी सगळी माणसे आठवतात. त्या मुलीला आजी आठवली.

आता आपल्या कानांबद्दल. आपण निःपक्षपाती ऐकतो असा आपला विश्वास असतो. डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एकच ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवले, आवाज एकाच इंग्रजीभाषक स्त्रीचा. एका गटाला वक्त्याचा फोटो गोऱ्या बाईचा दाखवला, दुसऱ्याला आशियाई बाईचा. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्याच आवाजात परकी ढब ऐकू आली, आणि व्याख्यानही कमी कळले. ऐकतो कान, पण काय ऐकायचे ते डोळ्यांनी आधीच सांगितलेले असते. मुलगा कुठल्या शाळेचा, गणवेश कसा, आडनाव काय, हे सूत्रसंचालकाने जाहीर केल्यावर आपण ज्या रेघा ओढतो, त्यांतल्या किती आवाजामुळे असतात?

आणि हे फक्त दुसऱ्याबद्दल होत नाही. मॉन्ट्रियलमध्ये वॉलेस लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६० साली असाच प्रयोग केला: तेच वक्ते, एकदा फ्रेंचमध्ये, एकदा इंग्रजीत, ऐकणाऱ्यांना दोन वेगळी माणसे वाटावीत अशी व्यवस्था. फ्रेंच बोलणाऱ्या श्रोत्यांनीही आपल्याच भाषेतल्या आवाजाला कितीतरी गुणांत कमी लेखले. आपल्यातले जे बोलीच्या घरातून आले तेच बोलीवर सगळ्यात कडक असतात, असे मी पाहिले आहे. त्यांनी त्यासाठी सोसलेले असते. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही, फक्त एवढेच सांगावेसे वाटते की ते सोसणे पुढच्या मुलाकडून वसूल करू नका.

तुमचे आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण ते वर्षानुवर्षे माझेच होते.

प्रमाण मराठी मुलांना यायला नको का? जरूर यावी. परीक्षेत, कचेरीत, मुलाखतीत ती लागते, आणि ती न शिकवणे हाही अन्याय आहे. पण ती वर्गात शिकवावी, घरच्या बोलीच्या जोडीला आणखी एक म्हणून, जिभेची जागा दाखवून, हसू न देता. मंचावर मुलगा पाच मिनिटांसाठी येतो. तिथे त्याच्या बालपणाचा हिशेब मागू नये.

अर्थाचा घोटाळा होतो, 'मन' आणि 'मण' यांत? सुट्या शब्दांत होईल, वाक्यात मला आजवर एकदाही झालेला आठवत नाही. 'जग' आणि 'जग' एकसारखे लिहूनही आपण गोंधळत नाही.

मग ऐकायला त्रास होतो त्याचे काय? इथे मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट सांगते. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी कॅनडात १९९५ साली चिनी मातृभाषेच्या लोकांचे इंग्रजी स्थानिकांना ऐकवले, ऐकलेले लिहून काढायला सांगितले आणि ढब किती जाणवली तेही विचारले. ज्या वाक्यांना 'ढब फार' असा शेरा मिळाला, त्यांतली कितीतरी वाक्ये लोकांनी शब्दन् शब्द बरोबर लिहिली होती. ढब असणे आणि न कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण एका रकान्यात दोन्ही कोंबल्या आहेत.

म्हणून माझी सूचना आहे की रकान्याचे नाव 'सुस्पष्टता' करावे आणि कसोटी एकच ठेवावी: शेवटच्या रांगेतल्या मुलाला सगळे कळले का? एका स्वयंसेवकाला तिथे बसवावे, त्याला विचारावे. मुले खरी चुकतात ती वेगळ्याच ठिकाणी. वाक्याची शेवटची दोन अक्षरे गिळतात. श्वास संपेपर्यंत धावतात. माइकला ओठ लावतात. पाठांतराच्या चालीत मुद्द्याच्या शब्दावर जोर द्यायचा राहतो. 'आणि' शुद्ध म्हणणारी मुलेही हे सगळे करतात आणि त्यांना आपण २० पैकी १७ देतो. या गोष्टी महिनाभराच्या सरावाने सुधारतात, त्यामुळे त्यांवर गुण ठेवणे मुलावर अन्याय करत नाही.

अपवाद मलाही मान्य आहेत. संस्कृत श्लोकपठणाच्या स्पर्धेत उच्चार हाच विषय असतो. तिथे तो मोजावा. वृत्तबद्ध कविता म्हणताना ऱ्हस्व-दीर्घ सांभाळले नाही तर चाल मोडते, तेही पाहावे. आणि एखादे मूल खरोखरच अडखळत असेल, ऐकण्यात किंवा जिभेच्या हालचालीत काही अडचण दिसत असेल, तर पालकांना बाजूला घेऊन वाचा-उपचार करणाऱ्यांकडे जायला सांगावे. गुण कापून त्याचे भले होत नाही.

या हंगामातल्या पहिल्या स्पर्धेचे पत्र मला आले आहे. सोबत गुणदान तक्ताही आहे, पाचवा रकाना नेहमीचाच. आयोजकांना मी कळवले आहे की नाव आणि कसोटी बदलली तर आनंदाने येईन. तक्ता तसाच राहिला तर त्या रकान्यात सगळ्या मुलांना सारखे २० गुण लिहीन, आणि तसे मंचावरून आधी सांगेन. तुमच्यापैकी ज्यांना हे पटते त्यांनी आपापल्या आयोजकांना असेच पत्र पाठवावे. ज्यांना पटत नाही त्यांनी मला लिहावे, मी प्रत्येकाला उत्तर देईन. मात्र लिहिण्याआधी पुढच्या स्पर्धेत एक करून पाहा. एका मुलाच्या भाषणापुरती पेन्सिल खाली ठेवा, मान वर करा आणि तो काय सांगतो आहे ते ऐका.

आपली,
एक सहपरीक्षक